बेकरी बंद होतेय, पण भट्टीचे काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या बेकरीला लवकरच टाळे लागणार, ही बातमी आपल्या दैनिकात आली आणि त्यानंतर वाचकांची पत्रे येत राहिली. कोणी खारीच्या आठवणी काढल्या, कोणी पिझ्झा खाणाऱ्या पोरांना बोल लावला, तर कोणी त्या जागी उभ्या राहणाऱ्या इमारतीला. भट्टीचे काय होणार, हे मात्र एकानेही विचारले नाही. आम्ही याच धंद्यातले, त्यामुळे ते खटकले. पाटी, काउंटर, काचेच्या बरण्या उचलून दुसऱ्या गल्लीत मांडता येतात. भट्टी उचलता येत नाही, आणि बेकरीचा सगळा हिशेब भट्टीत असतो.

भट्टी म्हणजे बुटक्या कमानीची विटांची खोली. खाली जाड फरशी, फरशीखाली वाळू. जुन्या बांधकामात उष्णता धरून ठेवायला त्या वाळूत जाडे मीठ आणि फुटकी काचही घालत. रात्री अकराच्या सुमारास आत लाकूड पेटते. आधी कमान काजळीने काळी होते, मग साडेतीनशे अंशांच्या आसपास ती काजळीच जळून जाते आणि विटा पांढुरक्या दिसू लागतात. ही खूण दिसली की निखारे ओढून काढायचे, बांबूला बांधलेल्या ओल्या गोणपाटाने फरशी पुसायची आणि दार लावून अर्धा-पाऊण तास भट्टी बसू द्यायची. घाईत ही बैठक गाळली तर उष्णता सारखी पसरत नाही. मधला पाव खालून करपतो आणि कडेचा पिठाळ राहतो. तापमापक नसेल तर चिमूटभर मैदा फरशीवर टाकून बघतात. टाकताक्षणी काळा पडला तर थांबायचे, दहा-पंधरा सेकंदांत बदामी झाला तर माल लावायचा, पांढराच राहिला तर पुन्हा जाळ करायचा.

एकदा माल लागला की जाळ संपला. पुढे दिवसभर भट्टीचे तापमान फक्त उतरत जाते आणि त्या उताराच्या प्रत्येक पायरीवर एकेक माल ठरलेला असतो. पहाटे तीनला २४० ते २५० अंशांवर लादीपाव, १० ते १२ मिनिटे. त्यानंतर २२० च्या आसपास साच्यातला ४०० ग्रॅमचा ब्रेड. त्याला २८ ते ३० मिनिटे लागतात आणि मधोमध सुई-तापमापक खुपसला तर ९५ अंश दिसायला हवेत, नाहीतर कापताना पातीला चिकटतो. भट्टी २०० वर आली की खारी. सकाळी नऊनंतर १६० ते १६५ वर नानकटाई आणि बिस्किटे. दुपारी ११०-१२० अंश उरतात, त्यात टोस्ट. आदल्या दिवशीच्या ब्रेडचे काप पत्र्यांवर मांडून चार-पाच तास वाळवले की ब्रेडमधला जवळजवळ ४० टक्के ओलावा ५ टक्क्यांच्या खाली येतो. रात्री पुन्हा पेटवताना विटा गरमच असतात, म्हणून लाकूड कमी लागते.

हा क्रम उलटा करून चालत नाही. खारीला पहिल्या पाच मिनिटांत दणकून उष्णता लागते. पदरांमधल्या पाण्याची वाफ होऊन पदर सुटले पाहिजेत, तेही मधली चरबी (म्हणजे डालडा, मार्गारिन यांसारखा स्निग्ध पदार्थ) वितळून वाहून जाण्याआधी. १७० वर लावलेली खारी चपटी आणि तेलकट होते, पत्र्यावर तुपाचे डबके साचते. टोस्ट १६० वर लावला तर बाहेरून लाल होतो पण पोटात ओल राहते, आणि आठवड्याभरात डब्यातच मऊ पडून वास मारू लागतो. टोस्टला ताजा ब्रेडही चालत नाही, कापताना दबतो. बारा तास तरी तो शिळा झाला पाहिजे.

यातूनच धंद्याचे गणित निघते, आणि ते ग्राहकांच्या सहसा लक्षात येत नाही. भट्टीवाल्या बेकरीत टोस्टला वेगळे इंधन लागत नाही. पावासाठी केलेल्या जाळाची ती उरलेली ऊब आहे. खारी आणि नानकटाईचेही बऱ्याच अंशी तसेच. म्हणजे एका जाळाचा खर्च पाच मालांवर वाटला जातो. आता लोक सकाळचा पाव तेवढा बेकरीतून नेतात. टोस्ट आणि बिस्किटे महिन्याच्या किराणात पाकीटबंद येतात. जाळ तेवढाच राहतो, वाटेकरी मात्र एकच उरतो. पाव रुपयाने महागला की मंडळी नाराज, नाही महागला तर मालक तोट्यात. पाव घेणारे सगळे असतानाही बेकरी बुडते ती अशी. शेवटच्या दिवसांत आता टोस्टच्या पिशव्या भरभरून नेणाऱ्यांनी अधूनमधून पाव किलो टोस्ट नेला असता, तर कदाचित ही पत्रेच लिहावी लागली नसती.

करानेही थोडा हात लावला आहे. पाव-ब्रेडवर जीएसटी नाही, टोस्टवर ५ टक्के आहे, आणि केक-बिस्किटांवरचा १८ टक्के कर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्क्यांवर आला. पावावर कर नाही म्हणजे बेकरीवाल्याची चांदी, असा समज दिसतो. प्रत्यक्षात करमुक्त मालासाठी घेतलेल्या यंत्रावर आणि व्यावसायिक गॅसवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. तो कर गुपचूप पावाच्या किमतीत मुरतो.

आता नागपूरच्या हवेबद्दल. कोणी ही बेकरी पुढे चालवायला किंवा नवी काढायला निघाले, तर पुण्या-मुंबईच्या प्रमाणांचा कागद आणून इथे पाव होणार नाही. मे महिन्यात इथे मध्यरात्रीही भट्टीघरात ३४ अंश असतात, जानेवारीत पहाटे मळायच्या खोलीत १५. मळलेला मैदा मात्र बारा महिने २७ अंशांवरच निघाला पाहिजे. त्याचा हिशेब सोपा आहे. २७ ची तिप्पट ८१. त्यातून खोलीचे तापमान, मैद्याचे तापमान आणि मळण्याच्या घर्षणाचे १० अंश वजा करा, राहील ते पाण्याचे तापमान. घर्षणाचा आकडा मिक्सरगणिक बदलतो आणि हाताने मळल्यास ३-४ च धरावा. मे महिन्यात खोली ३४, मैदा ३३, घर्षण १०, म्हणजे पाणी ४ अंशांचे हवे. जानेवारीत खोली १५, मैदा १६, म्हणजे पाणी ४० अंशांचे. पाणी ४५ च्या वर गेले तर ते खमिरावर (यीस्टवर) थेट ओतायचे नाही, खमीर मरते.

१० किलो मैद्याला साधारण ६ लिटर पाणी, २०० ग्रॅम मीठ, ३०० ग्रॅम साखर, २०० ग्रॅम चरबी आणि ओले यीस्ट थंडीत २००, उन्हाळ्यात १०० ग्रॅम. यातून ५० ग्रॅमचे सुमारे ३३० गोळे पडतात. मे महिन्यात टाकीचे पाणी ३२ अंशांचे असेल तर ६ लिटरपैकी साडेचार लिटर पाणी आणि दीड किलो बर्फाचा चुरा घ्यावा. बर्फ वितळताना स्वतः बरीच उष्णता ओढून घेतो, म्हणून एवढ्यात भागते. चुराच हवा, कारण खडे घातले तर मळून झाल्यावरही गोळ्यात बारीक तुकडे राहतात आणि तिथे पावात ओले डाग पडतात. बर्फ खाण्यायोग्य पाण्याचाच घ्यावा. मासळी झाकायची लादी मैद्यात चालत नाही, हे सांगावे लागते म्हणून सांगितले.

बर्फ टाळला तर मैदा ३४-३५ अंशांवर निघतो, खमीर बेफाम उठते आणि गोळे वेळेआधीच चढतात. भट्टी अजून बसत असते, इकडे फुगलेले गोळे खचू लागतात. असा पाव वरून सुरकुततो, आतून मोठी छिद्रे पडतात आणि आंबूस वास येतो. कितीही भाजला तरी रंग येत नाही, कारण रंग आणणारी साखर खमिराने आधीच खाल्लेली असते. नवा कारागीर मग भट्टीला दोष देऊन जाळ वाढवतो आणि पाव कोरडा करून बसतो.

उन्हाळ्याचे दुसरे दुखणे म्हणजे ब्रेडला सुटणारी तार. दीड-दोन दिवसांत ब्रेडचे पोट चिकट होते, पिकून उतरलेल्या खरबुजासारखा वास येतो आणि काप ओढला तर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे निघतात. मैद्यातल्या काही जिवाणूंचे बीज भट्टीतही मरत नाही, त्याला गरमी आणि ओल मिळाली की हे होते. ब्रेड गरम असताना पिशवीत बांधणे हे त्याचे सर्वांत मोठे कारण. ३५ अंशांच्या खाली येईपर्यंत तो जाळीवर उघडा राहिलाच पाहिजे, आणि मे महिन्यात त्याला तीन तासही लागतात. मळताना थोडे व्हिनेगर घातले तर धोका कमी होतो. तार सुटलेला माल सापडला तर तो टोस्टमध्ये ढकलू नये. फेकून द्यावा आणि टेबल, साचे, सुऱ्या व्हिनेगरच्या पाण्याने पुसाव्यात.

‘पाव पूर्वीसारखा फुगत नाही’ ही तक्रार आपल्याकडच्या पत्रांतही होती. त्याचे एक कारण चांगलेच आहे. पाव फुगवायला वापरले जाणारे पोटॅशियम ब्रोमेट २०१६ पासून देशात बंद आहे. त्याऐवजी १० किलो मैद्याला अर्धा ते एक ग्रॅम ॲस्कॉर्बिक आम्ल (क जीवनसत्त्व) आणि मुख्य म्हणजे वेळ द्यावा लागतो. खारीचेही तसेच. २०२२ पासून तेला-चरबीत ट्रान्स फॅट २ टक्क्यांच्या वर चालत नाही. जुन्या डालड्याचा चिवटपणा आताच्या खारीच्या मार्गारिनमध्ये सारखा मिळत नाही, ते नागपूरच्या उन्हाळ्यात पदरांतून लवकर निसटते. उपाय आहे: बर्फाच्या पाण्यात मैदा मळणे, प्रत्येक घडीनंतर अर्धा तास फ्रिजमध्ये विसावा, आणि लाटण्याचे काम पहाटे पाचच्या आत उरकणे. मेहनत वाढते, पण पदर सुटतात.

आता लाकडाबद्दल. इथे आमचे मत अनेकांना आवडणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितले. तो आदेश मुंबईपुरता होता, पण वारे कुठले ते कळायला हवे. ‘लाकडाची चव गेली तर पाव कसला’ असे म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की पाव लागतो तेव्हा आत लाकूड नसते, निखारे काढलेले असतात आणि काजळी जळून गेलेली असते. चव येते ती तापलेल्या जाड विटांमुळे आणि बंद कमानीत पावाच्याच वाफेने. धूर मात्र भट्टीवाल्याच्या छातीत आणि शेजाऱ्यांच्या खिडकीत जातो. त्यातही लकडगंजच्या बाजारातून स्वस्तात मिळतो म्हणून प्लायवूडचा, लॅमिनेटचा किंवा रंग दिलेला भंगार माल काही जण जाळतात, हा तर गुन्हाच मानला पाहिजे. ज्या कमानीत ते जळते त्याच कमानीत थोड्या वेळाने पाव भाजायचा असतो. धूर किती निघतो हे मोजायचे तर ‘नीरी’चे (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे) मुख्यालय आपल्याच शहरात आहे, फार लांब जावे लागणार नाही.

लाकूड सोडले म्हणजे भट्टी पाडलीच पाहिजे, असे नाही. त्याच कमानीला बाजूने गॅसचा बर्नर बसवता येतो. मात्र ज्योत विझताच गॅस तोडणारी झडप हवीच. पेटवण्याआधी दार आणि धुराडे उघडून काही मिनिटे आतली हवा बदलू द्यावी. साठलेल्या गॅसवर काडी लावली तर कमानच उडते. सिलिंडर भट्टीघराबाहेर ठेवावेत आणि त्या जागेला जमिनीलगत झरोके ठेवावेत, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो. ज्योत एका जागी विटेवर आपटू देऊ नये, तिथली वीट सोलते. बाकी काजळी जळण्याची खूण, बैठक, उतरता क्रम सगळे पूर्वीसारखेच राहते.

जागाच गेली असेल तर डेक ओव्हन घ्यावा, दगडी तळाचा, आणि खारी-टोस्टसाठी फिरत्या रॅकचा ओव्हन. भट्टीचे आकडे तसेच्या तसे रॅक ओव्हनला दिले की माल बिघडतो, कारण आतला पंखा पावाचे पाणी उडवतो. तापमान २० अंशांनी कमी ठेवावे, सुरुवातीला वाफ सोडावी आणि पहिली दोन-तीन मिनिटे पंखा बंद ठेवावा. रॅक ओव्हनमध्ये टोस्टला भट्टीसारखी फुकटची ऊब नसते, त्याचे विजेचे किंवा गॅसचे बिल वेगळे येते. ते धरूनच टोस्टचा भाव काढावा. पहिल्या महिन्यात जुन्या भावाने टोस्ट विकणारी नवी बेकरी सहा महिन्यांत अडकते. यंत्रासाठी केंद्राच्या पीएमएफएमई (सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या) योजनेत पात्र खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये कर्जाशी जोडलेले अनुदान ठेवलेले आहे. मुदत आणि अटी जिल्हा कृषी कार्यालयात आधी विचारून घ्याव्यात.

घरचे साहित्य देऊन नानकटाई भाजून आणणाऱ्यांची सर्वांत मोठी अडचण होणार आहे, कारण नव्या ओव्हनवाल्यांना अशी फुटकळ कामे परवडत नाहीत. घरच्या ओव्हनमध्ये करणाऱ्यांसाठी: एक किलो मैद्याला ६५० ग्रॅम तूप, ६५० ग्रॅम पिठीसाखर, १०० ग्रॅम बेसन, खायचा सोडा ५ ग्रॅम, वेलची-जायफळ आवडीने. तूप रवाळ घट्ट असतानाच साखरेबरोबर पांढरे होईपर्यंत फेसावे. दिवाळीत हे जमते, मे महिन्यात तूप पातळ असते आणि नानकटाई पत्र्यावर पसरून एकमेकींना चिकटते. तेव्हा तूप फ्रिजमध्ये गोठवून घ्यावे आणि वळलेले गोळेही भाजण्याआधी २० मिनिटे थंड करावेत. सोडा वाढवला तर फुलण्याऐवजी पसरते आणि कडवट लागते. (पत्र लांबले आहे याची कल्पना आहे. काटछाट करायची असल्यास नानकटाई कापावी, बर्फाचा हिशेब राहू द्यावा.)

पिशव्या भरून नेणाऱ्यांसाठीही दोन ओळी. पाव फ्रिजमध्ये ठेवू नका. शून्य ते पाच अंशांत तो उघड्यावरच्यापेक्षा लवकर शिळा होतो. ठेवायचाच तर त्याच दिवशी फ्रीझरमध्ये, घट्ट बांधून. टोस्ट पत्र्याच्या डब्यात महिनाभर सहज टिकतो, खारी मात्र पंधरवड्यात खवट वास धरू लागते.

राहिला भट्टीचा प्रश्न. व्यवहार व्हायला अजून वेळ असेल तर तिला एकदम थंड पडू देऊ नये. विझलेली भट्टी पावसाळ्यात जमिनीतून आणि भिंतीतून ओल ओढते. नंतर कोणी घाईने पूर्ण जाळ घातला की विटांतल्या पाण्याची वाफ होते आणि कमान तडकते. बंद पडलेली भट्टी पुन्हा उठवायची तर पहिल्या दिवशी काड्यांचा तासभर जाळ, आतले तापमान १०० च्या आत. दुसऱ्या दिवशी १५०, तिसऱ्या दिवशी २००, चौथ्या दिवशी २५०. बाहेरून ओलसर डाग दिसत असतील तर तोच दिवस पुन्हा करावा. केसासारखी चीर चालते. नाणे सरकेल एवढी चीर पडली तर फायर क्लेने (उष्णता सोसणाऱ्या मातीने) भरावी. साध्या सिमेंटने कधीही नाही, ते या उष्णतेत भुगा होऊन पावावर गळते.

आणि पाडायचीच असेल, तर आधी एक काम मालकांनी करू द्यावे. लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटमध्ये (आताचे एलआयटी विद्यापीठ) अन्नतंत्रज्ञान शिकवले जाते. तिथल्या विद्यार्थ्यांनी फरशीत, कमानीच्या माथ्यावर आणि दाराजवळ असे तीन थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) लावून रात्रीच्या पेटवणीपासून दुसऱ्या दिवशीच्या टोस्टपर्यंत दर पंधरा मिनिटांनी तापमानाची नोंद घ्यावी. सोबत कमानीची आतली उंची, फरशीची जाडी, दाराचे माप आणि त्याच वेळी भट्टीत लागलेल्या प्रत्येक मालाचे वजन. मिस्त्री पुढे कधी भट्टी बांधायला बसला तर त्याला एवढे पुरते. नोंद उन्हाळ्याची एक आणि थंडीची एक मिळाली तर उत्तम. निदान शेवटच्या आठवड्यात एक तरी व्हावी, एवढी विनंती आपल्या दैनिकामार्फत मालकांपर्यंत पोहोचवावी.

आपले,
बेकरी व्यवसायातील काही कारागीर,
नागपूर
(नावे व पत्ते संपादकांकडे)